हॉटेलातल्या कामासाठी ‘फूड हँडलर परमिट’ : कोणता कागद, कुणी काढायचा आणि कुठून

विचारणारा मुलगा सांगली जिल्ह्यातला आहे. पुण्यातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये त्याला हेल्परचं काम मिळालंय. रुजू होताना आणायच्या कागदांच्या यादीत आधार, बँक पासबुक आणि फोटो यांच्याखाली ‘फूड हँडलर परमिट’ असं लिहिलेलं आहे. त्याने नेटवर शोधलं तर डॉलरमध्ये फी मागणाऱ्या साइट आल्या. तालुक्याच्या गावातला एक एजंट म्हणतो, अडीच हजार द्या, दोन दिवसांत एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) कार्ड हातात देतो. सोमवारी हजर व्हायचं आहे आणि हा कागद नसला तर काम जाईल अशी त्याला भीती आहे.

मी पुण्यात आणि आसपास हॉटेलांच्या किचनची तपासणी करतो, तिथल्या लोकांना अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण देतो. हा प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांकडून सतत येतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी घाईचं सांगतो. एजंटला पैसे देऊ नका आणि त्या डॉलरवाल्या साइटवरही काही भरू नका. तुम्हाला लागणारा कागद त्या दोघांकडेही नाही.

आपल्याकडे किचनमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या नावाने सरकार परवाना देत नाही. परवाना असतो धंद्याचा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ प्रमाणे खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्याने, धंदा लहान असेल तर नोंदणी करायची आणि मोठा असेल तर लायसन्स घ्यायचं. त्याचा १४ आकडी नंबर असतो. तो हॉटेलात दर्शनी भागी लावलेला दिसतो, आणि २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. हे सगळं मालकाचं काम. पुण्यातल्या हॉटेलच्या मालकाकडे ते असणारच, नसेल तर तुम्ही तिथे काम करावं की नाही हा वेगळा विचार करावा लागेल.

एजंट ‘कार्ड’ म्हणून जे देतात ते मी पाहिलेलं आहे. बहुतेक वेळा ती तुमच्याच नावाने केलेली लहान खाद्यव्यवसायाची नोंदणी असते, टपरीवाले किंवा घरगुती डबे देणारे करतात तशी. म्हणजे कागदावर तुम्ही एका खाद्यव्यवसायाचे मालक झालात. जो धंदा तुम्ही करतच नाही त्याची जबाबदारी तुमच्या नावावर आली, आणि ज्या हॉटेलात तुम्ही काम करणार त्यांना या कागदाचा काडीचा उपयोग नाही. अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आला की तो कामगारांचे कागद मागतो, पण त्यांत हे कार्ड नसतं.

डॉलरचं कोडंही सोपं आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खरोखरच माणसाच्या नावाचं कार्ड लागतं. कॅलिफोर्नियात कामावर लागल्यापासून ३० दिवसांत छोटा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यायची, ७० टक्के गुण मिळवायचे, मग मिळालेलं कार्ड ३ वर्षं चालतं. २०२४ पासून तिथे त्याचा खर्च मालकाने द्यायचा आहे. वॉशिंग्टन राज्यात मुदत १४ दिवसांचीच. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलं कॅफेत अर्धवेळ काम धरतात तेव्हा त्यांना हे करावंच लागतं. पण त्या कार्डाला पुण्यात काही अर्थ नाही, तसंच पुण्यातल्या कागदाला कॅलिफोर्नियात नाही.

मग हॉटेलवाल्यांनी यादीत ते लिहिलं कशाला? माझ्या अनुभवात याची कारणं तीनच असतात. बहुतेकदा त्यांना हवा असतो वैद्यकीय तपासणीचा दाखला, ज्याला किचनमध्ये नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. कधी त्यांना फॉस्टॅक नावाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं असतं. आणि कधी परदेशी साखळी हॉटेलचा किंवा नेटवरून उचललेला फॉर्म तसाच पुढे पाठवलेला असतो आणि पाठवणाऱ्यालाही त्यातलं काय हवंय ते ठाऊक नसतं. यातलं नेमकं कोणतं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते फोनवर विचारून घ्या. एवढंच विचारा: “सर, परमिट म्हणजे शेड्यूल ४ प्रमाणे डॉक्टरांचा मेडिकल फिटनेस दाखला हवाय, की फॉस्टॅकचं सर्टिफिकेट? आणि मेडिकल तुमच्या पॅनेलच्या डॉक्टरांकडे होतं की मी बाहेरून करून आणू?” असा प्रश्न आला की समोरच्यालाही नीट उत्तर द्यावं लागतं. हेल्परच्या जागेसाठी उत्तर ‘मेडिकल’ असं येण्याचीच शक्यता जास्त आहे, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहितो.

परवाना आणि नोंदणीबाबतच्या २०११ च्या नियमांना शेड्यूल ४ नावाची पुरवणी आहे. किचन कसं ठेवायचं, पाणी कसं असावं, कचरा कुठे ठेवायचा, कामगारांनी काय पाळायचं, हे सगळं त्यात येतं. अन्नाशी थेट संबंध येणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी, आणि डॉक्टरच्या सहीची नोंद तपासणीसाठी जागेवर ठेवावी, असं त्यात आहे. तपासणीची व्यवस्था धंदेवाल्याने करायची. मूळ कायद्यातही कलम २६ मध्ये, संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाला कामावर ठेवू नये, हे बंधन धंदेवाल्यावरच घातलेलं आहे. त्यामुळे खर्च कुणाचा हा वाद निघाला तर मी नेहमी मालकाला सांगतो, की व्यवस्था तुमची आहे तर पैसेही तुमचेच असायला हवेत. चांगली हॉटेलं डॉक्टरांना वर्षातून एकदा जागेवरच बोलावतात आणि सगळ्यांचं एकदम करून घेतात. लहान हॉटेलं नव्या पोराला ‘तूच करून आण’ म्हणतात. तुमच्या बाबतीत तसं असेल आणि नोकरी हवी असेल, तर करून आणा, पावती जपून ठेवा आणि रुजू झाल्यावर ती मॅनेजरकडे द्या. पैसे मिळतीलच असं नाही, पण मागायला संकोच करू नका.

दाखल्याचा नमुना ठरलेला आहे. एकच पान असतं. तुमचं नाव, कोणत्या हॉटेलात काम करता त्याचं नाव, तपासणीची तारीख, ‘संसर्गजन्य रोगापासून मुक्त आणि या ठिकाणी काम करण्यास योग्य’ असं विधान, आणि खाली डॉक्टरची सही-शिक्का. डॉक्टर नोंदणीकृत असावा किंवा सिव्हिल सर्जन असावा. नोंदणी क्रमांक शिक्क्यात स्पष्ट दिसला पाहिजे, हे आवर्जून बघा, कारण तपासणीत दाखले बाद होतात ते बहुधा यावरूनच. हॉटेलचं नाव नमुन्यात असल्यामुळे त्यांच्याकडून नाव-पत्ता लिहिलेलं पत्र किंवा निदान मेसेज घेऊन मगच डॉक्टरकडे जा.

डॉक्टरने काय तपासायचं तेही त्याच पानावर आहे: शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा, आतड्यांच्या तापाविरुद्ध म्हणजे टायफॉइड गटातल्या रोगांविरुद्ध लस घेतली आहे का, आणि तपासताना एखाद्या संसर्गाची शंका आली तर ती पडताळण्यासाठी लागेल ती चाचणी. संपली यादी. शेवटचा मुद्दा नीट वाचा. शंका आली तर चाचणी. सरसकट रक्त, लघवी, शौच, एक्स-रे असं पॅकेज कायद्याने मागितलेलं नाही. लॅबवाले ‘फूड हँडलर पॅकेज’ म्हणून दोन-तीन हजारांचं काही विकतात तेव्हा ते नियमाचं नाव सांगून विकतात, आणि गावाकडून आलेला पोरगा घाबरून पैसे भरतो. याचा मला खरोखर राग येतो. काही साखळी हॉटेलं, विमानांना जेवण पुरवणारी किचन किंवा रुग्णालयांची कँटीन स्वतःच्या धोरणाने जास्त चाचण्या करतात, तो त्यांचा निर्णय, आणि मग खर्चही त्यांचाच.

दोन चाचण्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. विडाल ही जुनी टायफॉइडची चाचणी अजूनही पुष्कळ ठिकाणी फिटनेससाठी करतात. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, किंवा दुसराच ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून ठणठणीत माणसाला ‘अनफिट’ म्हणणं चूक आहे. कुणी तसं केलं तर डॉक्टरला शांतपणे विचारा, मला लक्षणं काय आहेत आणि खात्रीची चाचणी कोणती करायची. दुसरी एचआयव्हीची. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ प्रमाणे नोकरी मिळण्याची अट म्हणून ही चाचणी मागता येत नाही. हा विषाणू अन्नातून पसरतही नाही. हेपटायटिस बीचंही तसंच, तो रक्तातून पसरतो, पोळीभाजीतून पसरत नाही.

टायफॉइडच्या लशीवर एवढा भर का, असं पुष्कळजण विचारतात. टायफॉइडचा जंतू माणसाच्या शौचातून बाहेर पडतो आणि न धुतलेल्या हातातून, दूषित पाण्यातून अन्नात येतो. आजारातून उठलेल्यांपैकी थोड्याजणांच्या पित्ताशयात तो पुढेही टिकून राहतो. त्यांना काहीच होत नाही, पण ते जंतू सोडत असतात. मागच्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क भागात घरोघरी स्वयंपाक करणारी मेरी मॅलन अशीच होती. तिने केलेलं खाऊन माणसं आजारी पडत गेली आणि ती स्वतः धडधाकट. ‘मला काही होत नाही, मग मेडिकल कशाला’ या युक्तिवादाला माझं उत्तर तिचंच उदाहरण असतं. लस घेतली की तुम्हाला आजार होण्याची शक्यता कमी होते, आणि पुढे तो तुमच्यातून पसरण्याचीही.

लस खाजगी दवाखान्यात मिळते. मोठ्यांसाठी ती सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही. (नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम घेतली होती, त्या भागात वाढलेल्या काही पोरांना ती मिळालेली असेल, त्यांनी घरी जुना कागद शोधावा.) जुनी व्हीआय पॉलिसॅकराइड लस घेतली तर दर ३ वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. नव्या कॉन्जुगेट लशीचा पुढचा डोस कधी हे डॉक्टर सांगतील. दरवर्षी टोचून घेण्याची गरज नाही, दरवर्षी होते ती तपासणी. हा गोंधळ करून दरवर्षी लशीचे पैसे घेणारे आहेत. लशीचं कार्ड, त्यावरचा बॅच नंबर आणि तारीख, याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हॉटेल बदललं की हेच कार्ड पुढे चालतं.

आता तपासणीच्या टेबलावर. डॉक्टर नुसता चेहरा बघून सही करतो आहे असं वाटलं तर स्वतःहून हात पुढे करा. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट, कोपर. खरूज, नायटे, पू भरलेले फोड, चिघळलेली जखम हे त्याने बघायलाच हवं. कारण पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरिअस नावाचा जंतू असतो. तो अन्नात गेला आणि अन्न उबेत राहिलं की तो जे विष तयार करतो ते उकळूनही जात नाही. म्हणजे नंतर ग्रेव्ही कितीही उकळा, उपयोग नाही. सह्या करून ठेवलेले कोरे दाखले मी किचनच्या फायलींमध्ये पाहिलेले आहेत, सगळ्यांची एकच तारीख, एकच हस्ताक्षर, नावं नंतर भरलेली. असा दाखला अधिकाऱ्याच्या नजरेला लगेच येतो, आणि तो नाही आला तरी त्यातून कुणाचंही पोट सांभाळलं जात नाही. पूर्वी काविळ झाली होती का, सध्या खोकला किती दिवस आहे, हे विचारलं तर खरं सांगा. जुनी बरी झालेली काविळ नोकरीच्या आड येत नाही.

मॅनेजरने फॉस्टॅक सांगितलं तर गोष्ट थोडी वेगळी आहे. हा एफएसएसएआयचा प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचा कार्यक्रम, २०१७ मध्ये सुरू झालेला. राज्य किंवा केंद्राचं लायसन्स असलेल्या प्रत्येक जागी, दर २५ कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे ४० माणसांच्या किचनला दोघे लागतात. हे प्रमाणपत्र प्रत्येक हेल्परने घ्यायचं असं नाही. सहसा शेफ, किचन सुपरवायझर, स्टोअरचा माणूस किंवा कॅप्टन यांच्यापैकी कुणाला पाठवतात, आणि त्याने येऊन बाकीच्यांना शिकवायचं. अभ्यासक्रम वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी आणि बेसिक, ॲडव्हान्स अशा पातळ्यांवर असतो. हॉटेलवाल्यांसाठी केटरिंगचा घ्यायचा. एका दिवसाचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, आणि प्रमाणपत्र २ वर्षं चालतं. प्रशिक्षण देणारी संस्था एफएसएसएआयच्या फॉस्टॅक पोर्टलवर असली पाहिजे. तिथे नाव नसेल तर पैसे भरू नका. ‘न बसता सर्टिफिकेट’ म्हणणारे इथेही भेटतात.

तुम्ही नवखे आहात, तर मी म्हणेन हे आत्ताच करण्याची घाई नको. आधी सहा-आठ महिने किचन बघा. त्यानंतर फॉस्टॅक केलंत तर वर्गात सांगितलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहील. शिवाय हेल्परचा ‘कॉमी’ म्हणजे ज्युनियर कुक, आणि कॉमीचा कुक होताना हा कागद खरोखर कामाला येतो, कारण मालकाला त्याच्या २५ माणसांमागचा एक माणूस तुमच्यात मिळतो. तेव्हा फीही तोच भरतो.

कागदाचं झालं. पण पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे बघणारा शेफ कागद बघणार नाही, हात बघेल. त्यामुळे अमेरिकेतल्या त्या कार्डासाठी जे शिकवतात आणि फॉस्टॅकमध्येही जे शिकवतात, त्यातलं हेल्परला पहिल्या दिवसापासून लागणारं थोडं इथेच सांगतो.

जंतू सगळ्यात जोरात वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये. गरम ठेवायचं ते ६० च्या वर, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडच्या किचनमध्ये हा नियम सगळ्यात जास्त मोडतो तो भातावर. दुपारचा उरलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून ओट्याखाली ठेवतात आणि संध्याकाळी त्याचा फ्राइड राइस होतो. तांदळात बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. कोमट भातात ते पुन्हा जागे होतात आणि विष सोडतात. त्यातलं उलट्या करवणारं विष तव्यावर परतूनही नष्ट होत नाही. पातेल्याच्या मध्यभागी भात किती तास कोमट राहतो हे एकदा थर्मामीटर खुपसून बघा, मग पटेल. उपाय साधा आहे. भात पसरट ट्रेमध्ये पातळ थरात पसरायचा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये ढकलायचा, आणि ट्रेवर वेळ लिहायची. हेल्परच्या हातात हे पूर्ण आहे, त्यासाठी शेफ व्हावं लागत नाही. ग्रेव्ही, राजमा, उकडलेले बटाटे, पनीर, ओल्या नारळाची चटणी यांचीही गोष्ट तीच.

कच्चं आणि शिजलेलं वेगळं. चिकन कापलेल्या बोर्डवर कोशिंबिरीची काकडी चिरायची नाही, मग बोर्ड नुसत्या पाण्याने धुतलेला असो. बहुतेक किचनमध्ये बोर्ड रंगांचे असतात, पहिल्याच दिवशी कोणता रंग कशाचा ते विचारून घ्या, कारण जागोजागी फरक असतो. फ्रीजमध्ये कच्चं मांस, मासे सगळ्यात खाली, म्हणजे त्यांचं पाणी कशावर गळणार नाही.

हात साबणाने निदान वीस सेकंद धुवायचे. शौचालयातून आल्यावर तर आहेच, पण कचरा उचलल्यावर, अंडी फोडल्यावर, पैसे हाताळल्यावर, नाक-केसांना हात लागल्यावर, आणि मोबाइलला हात लावल्यावर. मोबाइल ही हल्ली मला सगळ्यात जास्त सांगावी लागणारी गोष्ट आहे. हातमोजे घातले म्हणून हात स्वच्छ होत नाहीत. मोज्यासकट केस खाजवणारे रोज दिसतात.

तळणाचं तेल तुमच्याकडे येईल. तेल वारंवार तापलं की त्यात पोलर कंपाउंड म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक वाढत जातात, आणि १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवलेली आहे. मोजायचं यंत्र असतं. ते नसलेल्या किचनमध्ये फेस येणं, धूर लवकर सुटणं, तेल दाट आणि काळपट होणं यावरून अंदाज घेतात, पण तोवर उशीर झालेला असू शकतो. जुन्या तेलात नवं ओतून वाढवू नका, कुणी सांगितलं तर निदान शेफला विचारून करा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मेडिकल वर्षातून एका दिवसाचं असतं, आणि त्या दिवशी तुम्ही बरे असता. आजार बाकीच्या दिवसांत येतो. शेड्यूल ४ मध्ये हेही स्पष्ट लिहिलं आहे: काविळ, जुलाब, उलट्या, ताप, तापासोबत घसा दुखणं, त्वचेवर दिसणारी पिकलेली जखम किंवा फोड, कान-डोळे-नाकातून स्राव, यातलं काही झालं तर कामगाराने सांगायचं आणि त्याला अन्नाच्या कामापासून बाजूला ठेवायचं. कागदावर हे प्रत्येक किचनमध्ये असतं. प्रत्यक्षात पोरं जुलाब लागले तरी गोळी घेऊन उभी राहतात, कारण खाडा झाला की पगार कापला जातो. पोरांना मी दोष देत नाही. हे मालकांना वारंवार सांगत राहतो, की आजारी माणसाचा एक दिवसाचा पगार कापून तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांचं आरोग्य पणाला लावता.

तुम्ही काय करू शकता? रुजू होतानाच विचारा, आजारी पडलो तर कुणाला कळवायचं आणि रजेचं काय. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, तो लागू असलेल्या हॉटेलांनी ती द्यायची असते. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि हॉटेल कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर तुमचा विमा क्रमांक मागून घ्या. पुरेसे हप्ते भरले गेले की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, शिवाय उपचार. आणि पगार कापला जाईल या भीतीने थांबायचंच असेल, तर निदान सांगून थांबा, म्हणजे तुम्हाला भांडी, स्टोअर किंवा बाहेरच्या कामाला लावता येईल. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू नये, असं मी सांगतो. ब्रिटनमध्येही हाच नियम पाळतात, कारण बरं वाटू लागल्यावरही जंतू शरीरातून बाहेर पडत असतात. काविळीत तर उलटं असतं, डोळे पिवळे होण्याच्या आधीपासूनच हेपटायटिस ए पसरत असतो. म्हणून किचनमध्ये एकाला काविळ झाली की मी बाकीच्यांनाही डॉक्टरकडे पाठवायला लावतो.

सोमवारपर्यंत करायचं ते असं. आज फोन करून नेमका कोणता कागद ते विचारा. मेडिकल असेल तर हॉटेलचं नाव-पत्ता घ्या, शेड्यूल ४ चा नमुना प्रिंट करून जवळच्या एमबीबीएस डॉक्टरकडे जा. नियमात शब्द ‘नोंदणीकृत डॉक्टर’ एवढाच आहे, पण एमबीबीएसच्या सहीवर पुढे कुणी प्रश्न काढत नाही. लस घेतली नसेल तर तिथेच घ्या, ताप असेल तर ती पुढे ढकला आणि डॉक्टरला दाखल्यावर तसं लिहायला सांगा. मूळ दाखला हॉटेलात द्या, झेरॉक्स आणि फोटो स्वतःकडे ठेवा. एका दिवसात होणारं काम आहे.

परिस्थितीप्रमाणे यात थोडे फरक पडतात. लग्नाच्या केटररकडे रोजंदारीवर जाणाऱ्यांना कुणी कागद विचारत नाही, पण नियम त्यांनाही तेच आहेत, आणि लशीचं कार्ड जवळ असलेलं बरं. क्लाउड किचन, म्हणजे बसून खायची सोय नसलेलं, फक्त ऑर्डर घरपोच देणारं किचन, आणि हॉटेल यांत फरक नाही. गोव्यात कायदा हाच, फक्त तपासणारं खातं तिथलं. आखातात जायचं असेल तर इथलं मेडिकल चालत नाही, तिकडची वेगळी तपासणी आणि वेगळं कार्ड असतं, ते तिकडचा मालक करतो. आणि पुढेमागे तुम्ही स्वतःची गाडी लावली किंवा डबे द्यायला सुरुवात केली, तर त्या दिवशी मात्र एफएसएसएआयची नोंदणी तुमच्या नावाने करावी लागेल. ती एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या नोंदणीच्या पोर्टलवर फॉर्म ए भरून स्वतःला करता येते, त्यालाही एजंट लागत नाही.

मॅनेजरने या दोन्हींपैकी काहीच न सांगता ‘परमिटच हवं’ असा हट्ट धरला, तर त्यांच्या यादीचा फोटो, हॉटेलचं नाव झाकून, इथे टाका. त्यांना दाखवण्यासाठी शेड्यूल ४ चा नेमका उतारा मी लिहून देतो.